भात सोडल्यानें वजन उतरतें काय?



हल्लीं लग्नाच्या पंगतींत किंवा एखाद्या स्नेह्याच्या घरीं जेवावयास बसलें, म्हणजे एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. वाढपी भाताचें पातेलें घेऊन पुढें येतो आणि पांचदहा पानांमागें एका पानावर आडवा हात येतो. "मीं भात सोडला आहे," असें सांगण्यांत येतें, आणि तें सांगतांना सुरांत थोडासा अभिमानहि असतो. काशीस जाऊन आलेलीं वडील माणसें तेथें एखादें आवडतें फळ किंवा भाजी सोडून येत. तो त्याग पुण्यासाठीं असे. हा त्याग कमरेच्या घेरासाठीं असतो. कोणी भात सोडतो, कोणी पोळीहि सोडतो, तर कोणी बटाट्याकडे आणि केळ्याकडे पाहावयासहि तयार नसतो.

वजन उतरावें ही इच्छा योग्यच आहे. वाढलेल्या मेदापाठोपाठ मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि गुडघ्यांचीं दुखणीं येतात, हें आतां घरोघर ठाऊक झालें आहे. प्रश्न इतकाच, कीं भात-पोळी सोडल्यानें वजन खरोखर उतरतें काय, आणि उतरत असल्यास तें कशामुळें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे: उतरतें. दुसऱ्याचें उत्तर मात्र लोकांत रूढ असलेल्या समजुतीहून बरेंच निराळें आहे; आणि कारण चुकीचें समजलें, म्हणजे उपायहि चुकतो. म्हणून आजचा बहुतेक वेळ मी त्या दुसऱ्या प्रश्नालाच देणार आहे.

तांदूळ, गहूं, ज्वारी, बाजरी, बटाटा, साबुदाणा यांतील पिष्ट आणि ऊस, फळें, दूध यांतील शर्करा या सर्वांना आहारशास्त्रांत कर्बोदकें असें एकच नांव आहे. पिष्ट म्हणजे शर्करेच्या कणांची लांबच लांब माळ होय. पचनाच्या वेळीं ती माळ तुटते आणि शेवटीं रक्तांत जाते ती शर्कराच. एक ग्रॅम कर्बोदकापासून शरीराला ४ उष्मांक, म्हणजे ज्यांना आपण कॅलरी म्हणतों ते, मिळतात. एक ग्रॅम प्रथिनापासून तितकेच, आणि एक ग्रॅम तेल-तुपापासून ९. हा नवाचा आंकडा ध्यानांत असूं द्यावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

कर्बोदकें तोडून वजन उतरविण्याची कल्पना अगदीं नवी आहे, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती दीडशेंहून अधिक वर्षांची जुनी आहे, आणि तिचा पहिला मोठा प्रचारक कोणी डॉक्टर नव्हता. लंडनमधील विल्यम बँटिंग हा गृहस्थ अंत्यविधींची व्यवस्था पाहण्याचा धंदा करी. इंग्लंडच्या राजघराण्यांतील अंत्यविधींचें कामहि त्याच्या घराण्याकडे असे. (इन्शुलिनच्या शोधामुळें प्रसिद्ध झालेले फ्रेडरिक बँटिंग ते निराळे.) १८६२ सालीं हा गृहस्थ पासष्ट वर्षांचा होता, उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारें ९२ किलो. वाकून बुटाचे बंद बांधणें त्याला अशक्य झालें होतें, आणि गुडघ्यांवर भार पडूं नये म्हणून जिना तो पाठमोरा उतरत असे. त्यानें उपाय कांहीं कमी केले नव्हते. सकाळीं दोन-दोन तास नाव वल्हवून पाहिली. तिनें अंगांत बळ आलें, पण भूक इतकी वाढली कीं वजन उतरण्याचें नांव घेईना. वाफेचीं स्नानें केलीं, औषधी झऱ्यांचें पाणी पिऊन पाहिलें. अखेर कानांनीं कमी ऐकूं येऊं लागलें म्हणून तो विल्यम हार्वे या कर्णरोगतज्ज्ञाकडे गेला, आणि खरें दुखणें कानाचें नसून मेदाचें आहे, असें त्या तज्ज्ञाचें मत पडलें.

हार्वेनें पॅरिसमध्यें क्लोद बर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं. यकृत स्वतः शर्करा तयार करतें, हें बर्नारनें दाखवून दिलें होतें. त्यावरून शर्करा आणि पिष्ट यांचा मेदाशीं कांहीं निकटचा संबंध असावा, असा तर्क हार्वेनें बांधला. त्यानें बँटिंगला पाव, लोणी, दूध, साखर, बीअर आणि बटाटे हे सहा पदार्थ वर्ज्य करावयास सांगितले. मांस, मासे, भाज्या, थोडीं फळें, भाजलेल्या कोरड्या पावाचा तुकडा आणि (आपल्याकडील पथ्याच्या कल्पनेला येथें धक्का बसेल) रोज कित्येक पेले द्राक्षमद्य, असा त्याचा आहार ठरला. वर्षभरांत त्याचें वजन ४६ पौंडांनीं, म्हणजे सुमारें २१ किलो, उतरलें. बँटिंगला इतका हर्ष झाला कीं १८६३ सालीं त्यानें स्वतःच्या खर्चानें एक पत्रवजा पुस्तिका छापून लोकांस फुकट वांटली. तिच्या आवृत्तींवर आवृत्ति निघाल्या. त्याचें आडनांव इंग्रजींत क्रियापदासारखें वापरण्यांत येऊं लागलें, आणि स्वीडिश भाषेंत तर वजन उतरविण्यासाठीं पथ्य करणें याला 'बांता' हेंच क्रियापद अजून रूढ आहे. बँटिंग पुढें १८७८ सालीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं वारला.

आतां बँटिंगची ती यादी जरा बारकाईनें पाहा. पाव, साखर, बटाटे हीं कर्बोदकें खरीं. परंतु लोणी हें जवळजवळ निव्वळ स्निग्ध आहे, आणि बीअर गेली तेव्हां तिच्यांतील मद्यार्काचे उष्मांकहि गेले. पूर्वीं तो दूध-पाव, लोणी माखलेला पाव, भरपूर दूध-साखरेचा चहा आणि फळांचीं गोड पक्वान्नें असें दिवसभर खात असे. तें सर्व एकाएकीं थांबलें. तेव्हां त्याचा मेद पिष्ट गेल्यामुळें झडला, कीं एकंदर अन्नच कमी झाल्यामुळें, हें त्याच्या एकट्याच्या उदाहरणावरून कोणीं सांगावें?

या शंकेला बळ देणारें दुसरें उदाहरण अमेरिकेंतील आहे, आणि भातावर प्रेम करणाऱ्यांना तें विशेष रुचेल. जर्मनी सोडून अमेरिकेस आलेले वॉल्टर केम्पनर हे डॉक्टर नॉर्थ कॅरोलिनांतील ड्यूक विद्यापीठांत काम करीत असत. रक्तदाबावर गुणकारी औषधें अद्याप निघालीं नव्हतीं अशा काळीं, १९३९ च्या सुमारास, त्यांनीं मूत्रपिंडाच्या विकारानें व अतिरक्तदाबानें ग्रासलेल्या रोग्यांना एक विलक्षण आहार देण्यास आरंभ केला: भात, फळें, फळांचा रस आणि साखर! मीठ जवळजवळ नाहीं, तेलतूप जवळजवळ नाहीं, आणि प्रथिनें नाममात्र. पुष्कळांना त्यानें उतार पडला. पुढें हाच आहार, प्रमाण घटवून, केम्पनरांनीं अतिस्थूल माणसांनाहि दिला. १९७५ सालीं त्यांनीं १०६ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील प्रत्येकाचें वजन निदान ४५ किलो उतरलें होतें, आणि सरासरी घट ६३.९ किलो होती. हे निवडून काढलेले यशस्वी रोगी होते आणि त्यांच्यावरील देखरेख फार कडक होती, हें विसरूं नये. असला अळणी आहार कोणीं घरीं करून पाहावा, असेंहि मी सुचवीत नाहीं. परंतु भातानें मेद वाढतोच हा नियम अबाधित असता, तर भात आणि साखर खाऊन एकाचेंहि वजन इतकें उतरलें नसतें.

मग कोणी विचारील, "भात सोडल्याबरोबर पहिल्याच आठवड्यांत कांटा दीड-दोन किलो खालीं येतो, तो काय खोटें बोलतो?" कांटा खोटें बोलत नाहीं, पण काय कमी झालें तें तो सांगत नाहीं. आपलें शरीर थोडी शर्करा यकृतांत आणि स्नायूंत ग्लायकोजन या रूपानें सांठवून ठेवतें. प्रौढ माणसाच्या अंगीं हा सांठा सुमारें अर्धा किलो असतो, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनाबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी बांधलेलें असतें. कर्बोदकें बंद झालीं, कीं शरीर प्रथम हा सांठा मोडतें आणि त्याबरोबरचें पाणी मूत्रावाटे निघून जातें. त्याशिवाय मूत्रपिंडें अंगांतील मीठहि अधिक टाकूं लागतात, आणि मिठामागून आणखी पाणी जातें. म्हणजे त्या दोन किलोंत चरबीचा वांटा लहानसाच असतो. हीच गोष्ट उलट्या दिशेनेंहि घडते. महिनाभर भाताला न शिवलेला मनुष्य नारळी पौर्णिमेच्या दिवशीं पोटभर नारळीभात खातो, दुसऱ्या दिवशीं कांट्यावर उभा राहतो, आणि वजन किलोभर वाढलेलें पाहून हबकतो. "पाहिलेंत, भात मला मुळींच सोसत नाहीं!" वास्तविक परत आलेलें असतें तें पाणी. किलोभर चरबी चढावयास गरजेपेक्षां सुमारें ७,७०० उष्मांक जास्त खावे लागतात; इतका नारळीभात पट्टीच्या खवय्याच्यानेंहि एका दिवसांत संपणार नाहीं.

पाण्याचा हा हिशेब बाजूला ठेवला, तरी कर्बोदकांवरील मुख्य आरोप शिल्लक राहतोच. तो असा: कर्बोदकें खाल्लीं कीं रक्तांतील शर्करा वाढते, तिला आवरण्यासाठीं स्वादुपिंड इन्शुलिन सोडतें, आणि इन्शुलिन रक्तांत असेपर्यंत चरबीच्या पेशींतून चरबी बाहेर पडण्यास अटकाव होतो. म्हणून उष्मांक मोजण्यांत अर्थ नाहीं, इन्शुलिन उतरविल्यावांचून मेद हलणारच नाहीं. यांतील पहिलीं तीन विधानें शरीरशास्त्राला धरून आहेत. शेवटचा निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाहीं. धान्याच्या कोठाराला दिवसांतून चार घटका कुलूप असलें, तरी महिन्याअखेर त्यांत किती पोतीं उरलीं हें कुलुपावरून ठरत नाहीं. तें एकंदर आवक-जावकीवर ठरतें.

हा केवळ तर्क नव्हे. त्याची परीक्षाहि झालेली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत केविन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनीं १९ स्थूल स्त्री-पुरुषांना संशोधनाच्या इस्पितळांतच राहावयास ठेवलें. तेथें त्यांचा प्रत्येक घांस मोजून दिला जाई, म्हणजे घरीं जाऊन चोरून कांहीं खाण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येकाला सहा दिवस एक आणि पुन्हा सहा दिवस दुसरा असे दोन आहार देण्यांत आले. दोन्हींत उष्मांक ३० टक्क्यांनीं कमी केले होते. एकांत ही कपात सर्वस्वी कर्बोदकांतून केली, दुसऱ्यांत सर्वस्वी स्निग्धांतून. कर्बोदकें कापलीं तेव्हां इन्शुलिन अपेक्षेप्रमाणें उतरलें. स्निग्ध कापलें तेव्हां तें जवळजवळ होतें तसेंच राहिलें. आतां सिद्धान्ताप्रमाणें पहिल्या आहारानें मेद अधिक झडावयास हवा होता. घडलें तें उलट. कर्बोदकें कापल्यावर रोज सरासरी ५३ ग्रॅम चरबी गेली, आणि स्निग्ध कापल्यावर ८९ ग्रॅम. हे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. सहा दिवसांच्या प्रयोगावरून जन्मभराचें पथ्य ठरवूं नये, हें मलाहि मान्य आहे. पण इन्शुलिन उतरल्याशिवाय मेद हलतच नाहीं, हें विधान टिकत नाहीं, एवढें दाखवावयास तो पुरेसा आहे.

घरीं राहून, आपल्या हातानें रांधून खाणाऱ्या माणसांवरील प्रयोग दीर्घ मुदतीचे असतात. रॉबर्ट ॲटकिन्स या अमेरिकन डॉक्टरांनीं १९७२ सालीं पुस्तक लिहून कर्बोदकत्यागाला नव्यानें लोकप्रियता मिळवून दिली. त्यांच्या आहाराची तुलना नेहमींच्या कमी-स्निग्ध आहाराशीं करून पाहणारा एक प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. ६३ स्थूल माणसांवर तो झाला होता. तीन व सहा महिन्यांच्या अखेरीस ॲटकिन्सपंथी स्पष्टपणें पुढें होते. वर्षाअखेर दोन्ही गटांत गणितानें मान्य करण्याजोगें अंतर उरलें नव्हतें, आणि सुमारें चाळीस टक्के माणसें मध्यंतरींच गळून गेलीं होतीं! मोठ्या निर्धारानें पथ्य धरावें, सहा महिन्यांनीं तें ढिलें पडावें आणि वजन हळूहळू परत चढावें, हा क्रम आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा असेल. पुढें स्टॅनफर्ड विद्यापीठांत ख्रिस्टोफर गार्डनर यांनीं ६०९ माणसांवर वर्षभराचा प्रयोग केला. निम्म्यांनीं स्निग्ध कमी केलें, निम्म्यांनीं कर्बोदकें. दोघांनाहि साखर व मैदा टाळून ताज्या भाज्या व घरचें अन्न खाण्यास सांगितलें होतें, आणि उष्मांकांची मर्यादा कोणालाच घालून दिली नव्हती. २०१८ सालीं निकाल आला: पहिल्या गटाची सरासरी घट ५.३ किलो, दुसऱ्याची ६.० किलो. हें अंतर नगण्यच म्हणावयाचें. खरी मौज सरासरीच्या पोटांत होती. दोन्ही गटांत कोणाचें वजन पंचवीस किलोंहून अधिक उतरलें, तर कोणाचें उलट वाढलें. कोणत्या माणसाला कोणता आहार लागू पडेल हें जन्मजात गुणसूत्रांवरून किंवा इन्शुलिनच्या मोजणीवरून आधीं ओळखतां येईल काय, हेंहि त्यांनीं तपासलें. तें ओळखतां आलें नाहीं.

तेव्हां कर्बोदकें तोडल्यानें वजन उतरतें याचें खरें कारण आतां सांगतां येईल. त्यानें माणूस, हिशेब न ठेवतां, कमी खातो. भात-पोळीला बंदी झाली, म्हणजे तिच्या आश्रयानें पोटांत जाणाऱ्या पुष्कळ गोष्टींनाहि बंदी होते: पोळीवरचें तूप, बटाटेवड्याचा पाव, चहाबरोबरचीं बिस्किटें, जेवणानंतरची जिलबी. शिवाय भाताच्या जागीं उसळ, अंडें, मासे किंवा पनीर आलें, तर प्रथिनांचें प्रमाण वाढतें, आणि प्रथिनांनीं पोट अधिक वेळ भरल्यासारखें वाटतें. यांत जादु नाहीं. पण ज्याला उष्मांक मोजीत बसणें जमत नाहीं, त्याला "अमुक खावयाचें नाहीं" हा सरळ नियम पाळणें सोपें जातें, हा त्याचा मोठाच गुण आहे. अन्न कोणत्या स्वरूपांत पुढें येतें यालाहि फार महत्त्व आहे. २०१९ सालीं हॉल यांनींच दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यांतून सिद्ध होऊन आलेलें पाकिटबंद अन्न आणि दोन आठवडे साधें रांधलेलें अन्न पोटभर खाऊं दिलें. पुढें मांडलेल्या ताटांत दोन्ही वेळां कर्बोदकें, साखर, स्निग्ध आणि तंतु सारखेच होते. तरीहि पाकिटांतील अन्न खातांना तीं माणसें रोज सुमारें ५०० उष्मांक जास्त खाऊन गेलीं आणि त्यांचें वजन किलोच्या आंतबाहेर वाढलें; साध्या अन्नावर तें तितकेंच उतरलें. कर्बोदकें तींच, फळ मात्र निराळें!

आतां आपल्या स्वयंपाकघराकडे वळूं. आपल्याकडे हा प्रश्न बँटिंगच्या घरच्यासारखा नाहीं. एक तर भारतीय माणसाच्या दिवसाच्या उष्मांकांपैकीं सरासरी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, असें २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणींत आढळून आलें आहे. हें प्रमाण जास्त आहे, याबद्दल तज्ज्ञांत फारसा मतभेद नाहीं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं जें मार्गदर्शन केलें, त्यांत तृणधान्यांचा वांटा एकंदर उष्मांकांच्या ४५ टक्क्यांपर्यंत असावा असें म्हटलें आहे. त्याच पाहणींत आणखी एक गोष्ट निघाली, ती ज्वारी-बाजरीच्या नव्या भक्तांनीं लक्षांत घ्यावी. पांढऱ्या तांदळाच्या जागीं अख्ख्या गव्हाचें किंवा भरड धान्याचें पीठ आणलें, पण एकंदर कर्बोदकें तितकींच ठेवलीं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाहीं. कर्बोदकांतील थोडा भाग डाळी, दूध, अंडीं, मासे यांच्या प्रथिनांनीं भरून काढला, तेथें तो कमी दिसला. भाकरी उत्तम आहे. परंतु तीन पोळ्यांच्या जागीं चार भाकऱ्या खाल्ल्यास हिशेब जुळणार कसा?

दुसरें असें, कीं बँटिंगला मांस खातां येत होतें. शाकाहारी घरांत प्रथिनांचा मुख्य आधार डाळ आणि कडधान्यें. आणि कोरड्या डाळींत प्रथिनें शेंकडा बावीस-चोवीस, तर कर्बोदकें शेंकडा साठांच्या घरांत असतात. म्हणजे परदेशांतील पुस्तकें वाचून कर्बोदकें दिवसाला वीस-तीस ग्रॅमांवर आणावयाचीं म्हटलीं, तर प्रथम वरण आणि उसळच ताटांतून उठतात आणि त्यांच्या जागीं तूप, लोणी, पनीर व सुका मेवा येऊन बसतो. येथें तो नवाचा आंकडा आठवावा. वाटीभर शिजलेल्या भातांत, म्हणजे सुमारें १५० ग्रॅमांत, दोनशें उष्मांक असतात. तो भात नाकारून संध्याकाळीं मित्रांत बसून पन्नास ग्रॅम काजू तोंडांत टाकले, कीं पावणेतीनशें झाले. ते तळलेले असल्यास अधिकच. भाताचा त्याग सर्वांनीं पाहिलेला असतो. काजूंचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो.

आपला उपवासहि या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. एकादशीला धान्य वर्ज्य. म्हणजे नांवापुरता तो कर्बोदकत्यागच झाला. पण त्याच्या जागीं येतो साबुदाणा. हा दाणा म्हणजे दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या एका कंदाचें जवळजवळ शुद्ध पिष्ट, त्यांत प्रथिनें नाहींतच म्हटलें तरी चालेल. वर बटाटा, दाण्याचें कूट आणि सढळ तूप. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण करणाऱ्या आजीबाईला उष्मांकांचें कोष्टक ठाऊक नव्हतें. तरी तिचा हिशेब बिनचूक होता.

आणखी एक गोष्ट विशेषतः आपल्या लोकांसंबंधीं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं एका वैद्यकीय नियतकालिकांत आपला दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच, देहभारांक दोघांचाहि २२.३. परंतु यंत्रानें मोजतां युडकिनांच्या अंगांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगांत २१.२ टक्के निघाली. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरांत स्नायु कमी आणि मेद अधिक असूं शकतो, हें यापेक्षां सोप्या रीतीनें क्वचितच कोणीं दाखविलें असेल. अशा शरीराच्या माणसानें नुसता भात सोडला, प्रथिनें वाढविलीं नाहींत आणि अंगाला व्यायामहि दिला नाहीं, तर कांटा खालीं जाईल, पण जातांना तो आधींच थोडे असलेले स्नायु घेऊन जाईल. म्हणून कांट्याबरोबर कमरेभोंवतीं टेपहि लावून पाहावी. पोट उतरत असेल, जिना चढण्याची शक्ति कायम असेल, तर काम योग्य दिशेनें चाललें आहे असें समजावें.

मग घरांत करावें तरी काय? एकासाठीं निराळा स्वयंपाक, ही गोष्ट फार दिवस चालत नाहीं. आणि तो भार बहुधा ज्या व्यक्तीवर पडतो तिचा सल्ला कोणी घेतलेला नसतो. त्यापेक्षां सर्वांच्याच ताटांत थोडा पालट करणें बरें. भात बंद करूं नये. वाटीनें मोजून, नेहमींच्या निम्मा घ्यावा आणि वरण पातळ न करतां दाट करावें. उसळ, दही, अंडें किंवा मासे यांपैकीं कांहीं तरी दोन्ही जेवणांत असावें, भाजी दुप्पट असावी. साखर, सरबतें, बिस्किटें, फरसाण यांवर मात्र खुशाल कात्री चालवावी; तेथें दया करण्याचें कारण नाहीं. कोणाला याहून कडक पथ्य मानवत असेल आणि वर्षानुवर्षें आनंदानें पाळतां येत असेल, तर त्याला अडवूं नये.

मधुमेही माणसांची गोष्ट थोडी निराळी आहे. कर्बोदकें कमी केल्यानें त्यांची रक्तांतील शर्करा, वजन फारसें उतरलेलें नसलें तरीहि, लवकर आटोक्यांत येते. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. मात्र मधुमेह मागें हटण्यास वजनाची घट अधिक कारणीभूत होते. ब्रिटनमधील एका प्रसिद्ध प्रयोगांत रोग्यांना तीन ते पांच महिने दिवसाला अवघ्या साडेआठशें उष्मांकांच्या आंतबाहेर पेयें व सूप देण्यांत आलीं. वर्षाअखेर त्यांतील ४६ टक्के रोग्यांचा मधुमेह औषधांवांचून आटोक्यांत आलेला होता, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. त्या पेयांतील निम्म्याहून अधिक उष्मांक कर्बोदकांचेच होते! हा प्रयोगहि डॉक्टरांच्या नजरेखालीं आणि औषधें थांबवून झाला होता, आणि जाण्यापूर्वीं मला याच औषधांबद्दल सांगावयाचें आहे. जे इन्शुलिन टोंचून घेतात, किंवा स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावणाऱ्या ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेतात, त्यांनीं भात-पोळी एकाएकीं बंद केली आणि औषध पूर्वींइतकेंच घेतलें, तर शर्करा अतोनात खालीं जाऊन घाम सुटणें, हातपाय कांपणें आणि शुद्ध हरपणें येथपर्यंत पाळी येते. ज्यांच्या गोळीच्या नांवाच्या शेवटीं 'ग्लिफ्लोझिन' अशीं अक्षरें आहेत, त्यांना कर्बोदकांच्या कडक त्यागानें रक्तांत आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि तो शर्करेचा आंकडा फारसा वाढलेला नसतांहि येऊं शकतो. मळमळ, वांत्या, पोटदुखी, धाप यांपैकीं कांहीं झाल्यास घरीं थांबूं नये. मूत्रपिंडाचे रोगी आणि गरोदर स्त्रिया यांनींहि आपल्या मनानें असलें पथ्य सुरू करूं नये. या सर्वांनीं प्रथम आपल्या डॉक्टरांकडे जाऊन औषधाचें प्रमाण ठरवून घ्यावें, आणि भात त्यानंतर कमी करावा.